दोन फेऱ्यांमधली उसंत

मृग लागून चार-सहा दिवस झाले होते. तुळजापूरचं दर्शन आटोपून आम्ही धाराशिवला परतत होतो. गाडी मुलगा चालवत होता, शेजारी मी, मागच्या सीटवर सून आणि सातवीतला नातू. आमच्याकडं पाऊस म्हणजे बहुधा आभाळात दिसणारी आणि जमिनीवर न उतरणारी गोष्ट. बालाघाटाच्या डोंगरावर ढग टेकतात, माणसं आशेनं वर बघतात, आणि ढग पुढं लातूरकडं निघून जातात. त्या दिवशी मात्र खरोखरच भुरभुर सुरू झाली. पाऊस म्हणावा इतका नाही, नाही म्हणावा इतका कमीही नाही. पिठाच्या चाळणीतून पडावी तशी बारीक.

मुलानं स्टिअरिंगजवळची दांडी किंचित हलवली. काचेवरचे वायपर एकदा आडवे फिरले, खाली येऊन निजले, चार-पाच सेकंद तसेच पडून राहिले आणि पुन्हा उठून एक फेरी मारून आले. पुन्हा उसंत, पुन्हा फेरी. नातू मागून वाकून बघत होता. त्यानं विचारलं, की वायपरला कसं कळतं आता थांबायचं आणि आता उठायचं? मुलगा म्हणाला, ते ऑटोमॅटिक असतं. हे काही उत्तर नव्हे, हे नातवालाही कळलं आणि मलाही. आजोबांनी कादंबऱ्या लिहिल्यात, म्हणजे त्यांना सगळं माहीत असणार, या समजुतीनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काचेबाहेर बघू लागलो.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी या जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांमध्ये. कर्जवसुलीला जीपनं हिंडलो. लहानपणी गावात यायची ती जीप मला आठवते. तिच्या वायपरला आतून एक छोटा दांडा होता आणि पाऊस आला की ड्रायव्हरशेजारी बसलेल्या साहेबांनाच तो हातानं इकडून तिकडं फिरवत बसावं लागे. पुढं नोकरीत मिळालेल्या गाड्यांना विजेचे वायपर होते, पण त्यांचे वेग दोनच, हळू आणि जोरात. भुरभुर पावसात ते लावले, की काच एका फेरीत कोरडी व्हायची आणि मग कोरड्या काचेवर रबर करकरत राहायचं. कान किटायचे. ड्रायव्हर बिचारा बटण चालू करायचा, बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. एक हात स्टिअरिंगवर, एक हात बटणावर आणि समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर. हे मी शेकडो वेळा पाहिलं. पण त्या चालू-बंद करणाऱ्या हाताचं काम दुसरं कुणी करू शकेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

ते ज्याच्या डोक्यात आलं, त्या माणसाची ही गोष्ट.

पण आधी यंत्र समजून घ्यायला हवं. नातवाला उत्तर द्यायचं म्हणून मी शहरातल्या एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं चहा मागवला आणि भंगारात निघालेल्या एका गाडीच्या वायपरची मोटार टेबलावर आणून ठेवली. पेरूएवढी मोटार. ती गोल गोल फिरते, वायपर मात्र अर्धवर्तुळात जाऊन परत येतो. हे कसं? मोटारीच्या दांड्याला आटे पाडलेले असतात. ते एका मोठ्या गरारीला हळूहळू फिरवतात. मोटार जोरात फिरते, गरारी संथ फिरते, आणि वेग गेला त्याच्या बदल्यात ताकद मिळते. गरारीवर एक आखूड दांडा, त्याला पुढं जोडदांड्या. घरातलं जुनं शिवणयंत्र आठवा. तिथं पाय पुढं-मागं हलतात आणि चाक गोल फिरतं. इथं बरोबर उलटं. गोल फिरण्यातून पुढं-मागं हलणं काढलेलं.

दुसरी गंमत त्यानं गरारीच्या पाठीमागं दाखवली. तिथं तांब्याची एक चकती असते आणि तिला एका जागी खाच. वायपर काचेच्या मध्यावर असताना तुम्ही बटण बंद केलंत, तरी तो तिथंच थांबत नाही. चकतीतून मोटारीला वीज मिळतच राहते. पाती पार खाली आली, की खाच समोर येते, वीज तुटते आणि वायपर आपल्या जागेवर निजतो. म्हणजे मोटारीला नुसता एक धक्का दिला, की ती एक पूर्ण फेरी मारूनच थांबते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढं लागणार आहे.

काच धुण्याची सोय त्याहून साधी. बॉनेटखाली प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी अंगठ्याएवढा विजेचा पंप, तिथून निघालेली नळी आणि काचेखाली बारीक भोकाची तोटी. दांडी आपल्याकडं ओढली, की पाण्याची चिळकांडी उडते, वायपर फिरू लागतात, आणि दांडी सोडल्यावरही दोन-तीन फेऱ्या जास्तीच्या मारून पाणी निपटून काढतात. आमच्या भागात वायपरला पावसापेक्षा हेच काम जास्त. वैशाखात धाराशिवहून परंड्याला जाऊन या, काचेवर धुळीचा थर बसतो. इलेक्ट्रिशियननं एक सल्ला फुकट दिला, तो इथं देऊन टाकतो. कोरड्या धुळीवर वायपर कधी चालवू नका, आधी पाणी उडवा. नाहीतर धुळीतले खडे काचेवर कायमच्या रेघा ओढतात.

मग मी मुख्य प्रश्न विचारला. उसंत कोण घेतं? त्यानं काडेपेटीपेक्षा लहान एक काळी डबी दाखवली. आता नव्या गाड्यांत हे काम गाडीचा संगणकच करतो, पण आधी ते या डबीत असायचं. डबी उघडली तर आत चार-पाच किरकोळ वस्तू. बाजारात कुठंही मिळतील आणि सगळ्यांची किंमत मिळून फार होणार नाही, अशा. या किरकोळ वस्तूंपायी अमेरिकेत एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी नंतर वाचत गेलो.

वायपरचा जन्म आधीचा आहे आणि तो एका बाईमुळं झाला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फाच्या भुरभुरीत ट्रामच्या ड्रायव्हरला समोरचं दिसत नव्हतं. ते पाहून त्यांनी आतून हातानं फिरवायचा रबरी पात्याचा वायपर सुचवला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो कुणी विकत घेतला नाही. पेटंटची मुदत संपली, नंतर सगळ्या गाड्यांना वायपर लागले, आणि त्या १९५३ मध्ये वारल्या. या शोधातून त्यांना पैसा मिळाला नाही. त्यांनी भांडणही केलं नाही.

ज्यानं भांडण केलं, त्याचं नाव रॉबर्ट कर्न्स.

कर्न्स यांचा जन्म १० मार्च १९२७ चा, अमेरिकेतल्या गॅरी या पोलादाच्या गावातला. वाढले ते डेट्रॉइटजवळच्या रिव्हर रूजमध्ये, फोर्ड कंपनीच्या अवाढव्य कारखान्याच्या छायेत. वडील पोलाद कारखान्यात कामाला. साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी गावं आपल्याकडं आहेत. तिथल्या पोरांना कारखाना म्हणजे देवळासारखाच वाटतो. कर्न्स यांना फोर्डबद्दल तसंच वाटत होतं. पुढं जे घडलं त्याचा चटका समजायचा असेल, तर हे ध्यानात घ्यावं लागतं. ज्या दारात ते दाद मागायला गेले, त्याच दारावर त्यांची लहानपणापासून श्रद्धा होती.

दुसऱ्या महायुद्धात कोवळ्या वयात त्यांनी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात काम केलं. परत आल्यावर इंजिनिअरिंग शिकले, डॉक्टरेट मिळवली, डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९५३ मध्ये लग्न झालं. लग्नाच्या रात्रीच शँपेनची बाटली उघडताना तिचं बूच उडून डाव्या डोळ्यावर बसलं आणि तो डोळा जवळजवळ निकामी झाला. पुढं सहा मुलं झाली. चारचौघांसारखा संसार, एका डोळ्यानं बघितलेला.

१९६३ मधली गोष्ट. आपली फोर्ड गॅलक्सी गाडी चालवत ते भुरभुर पावसातून चालले होते. वायपर कोरड्या काचेवर करकरत होते आणि एकाच डोळ्यावर सगळी भिस्त असलेल्या त्या माणसाला समोरचं नीट दिसत नव्हतं. तेव्हा त्यांच्या मनात आलं, की डोळ्याची पापणी सारखी हलत नाही. ती मिटते, उघडते आणि मग थांबते. पुन्हा गरज लागली की मिटते. वायपरनं असंच का करू नये?

सुचणं एवढंच होतं. पण सुचलेलं करून दाखवणं ही दुसरी गोष्ट. तेव्हा मोटार कंपन्यांचे इंजिनिअरही उसंत घेणारा वायपर करायच्या खटपटीत होते. कर्न्स यांनी मार्ग धरला इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि भाग वापरले अगदी मोजके. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि कमी-जास्त करता येणारा एक रेझिस्टर. ही नावं ऐकून घाबरू नका. मला ती समजली, ती लग्नातल्या घटिकापात्रामुळं.

जुन्या लग्नांमध्ये मुहूर्ताची वेळ मोजायला पाण्यावर तांब्याची वाटी तरंगत ठेवत. तिच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी हळूहळू आत चढे, वाटी भरली की गपकन बुडे, आणि एक घटका झाली असं समजून घंटा वाजवत. मग वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवायची. कर्न्स यांच्या डबीत हेच चालतं, फक्त पाण्याच्या जागी वीज. कपॅसिटर म्हणजे वाटी. रेझिस्टर म्हणजे वाटीचं भोक. वीज त्या भोकातून थेंबाथेंबानं वाटीत साठते. वाटी ठरावीक पातळीला भरली, की ट्रान्झिस्टर जागा होतो, तो घंटा वाजवणारा. तो मोटारीला एक धक्का देतो. धक्का मिळाला की मोटार एक पूर्ण फेरी मारूनच थांबते, हे मघाशी सांगितलंच. तेवढ्यात वाटी रिकामी होते आणि पुन्हा भरू लागते. ती भरायला लागणारा वेळ म्हणजे वायपरची उसंत. ड्रायव्हरच्या हातात काय? भोक मोठं किंवा लहान करणं. भोक लहान केलं की वाटी सावकाश भरते, उसंत वाढते. मोठं केलं की वायपर घाईनं उठतो. दांडीवरची ती फिरणारी कडी आपण फिरवतो, तेव्हा आपण घटिकापात्राचं भोक बदलत असतो.

कर्न्स यांनी हे आपल्या गॅलक्सीला बसवलं आणि गाडी घेऊन थेट फोर्डमध्ये गेले. तिथले इंजिनिअर गाडीभोवती जमले. त्यांनी रस दाखवला, प्रश्न विचारले आणि टिकाऊपणाच्या चाचणीची अट सांगितली. वायपरनं तीस लाख फेऱ्या मारल्या पाहिजेत. कर्न्स यांनी घराच्या तळघरात माशांची काचेची टाकी मांडली, तिच्यात तेल आणि लाकडाचा भुसा कालवला, ओल्या काचेवरचा अडथळा तसाच भासावा म्हणून, आणि त्या राड्यात आपला वायपर महिनोन्‌महिने चालवला. घरातली सहा मुलं खालून येणारा तो आवाज ऐकत झोपत असतील.

चाचणी पार पडली. फोर्डच्या लोकांनी यंत्र कसं चालतं ते समजावून मागितलं. वायपर हा सुरक्षिततेचा भाग, तेव्हा तपशील कळल्याशिवाय करार करता येत नाही, असं सांगितलं. कर्न्स यांनी विश्वासानं समजावून दिलं. आता कंत्राट मिळणार, आपण कारखाना काढणार, मुलं मोठी होऊन तो चालवणार, असं स्वप्न त्यांनी बांधलं होतं. काही महिन्यांनी निरोप आला, की तुमच्या यंत्राची आम्हाला गरज नाही, आमच्या माणसांनी स्वतःचं तयार केलं आहे.

१ डिसेंबर १९६४ ला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता. १९६७ च्या नोव्हेंबरात पेटंट मिळालं. १९६९ मध्ये फोर्डच्या मर्क्युरी गाड्यांवर उसंत घेणारे वायपर आले. पाठोपाठ इतर कंपन्यांच्या गाड्यांवरही.

कर्न्स तेव्हा काही करू शकले नाहीत. नोकरी बदलून मेरीलँडला आले, सरकारच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेत रस्त्यावरच्या घसरणीचा अभ्यास करू लागले. १९७६ मध्ये मर्सिडीजच्या वायपरची डबी त्यांच्या हाती आली. त्यांनी ती उघडून पाहिली. आत त्यांचंच घटिकापात्र होतं.

त्या दिवसानंतर हा माणूस मोडला. एक दिवस कुणाला न सांगता बसमध्ये बसून निघून गेला. पोलिसांना सापडला तेव्हा टेनेसी राज्यात होता, भ्रमात. काही आठवडे मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तांबूस केस होते, ते बाहेर येईपर्यंत पांढरे झाले होते.

इथं मला माझ्या चुलत्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. आमच्या गावाकडं भावकीतल्या एकानं नांगरता नांगरता तात्यांचा बांध कोरला. एका वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी वीतभर. असा दोन हात रुंदीचा पट्टा गेला. तात्या कोर्टात गेले. मी तेव्हा बँकेत नवा होतो, आकडेमोडीचा माज होता. मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. पट्ट्याची किंमत इतकी, वकिलाची फी इतकी, तालुक्याच्या खेपा इतक्या. समोरचा पैसे द्यायला तयार आहे, तडजोड करा आणि मोकळे व्हा. तात्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढची सात वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारा हेकट आहे.

कर्न्स यांनी १९७८ मध्ये फोर्डवर दावा लावला, १९८२ मध्ये क्रायस्लरवर. मग जगातल्या आणखी कितीतरी मोटार कंपन्यांवर. कंपनीची बाजू वकिली डोक्याची होती. यात नवीन काय? ट्रान्झिस्टर जुना, कपॅसिटर जुना, रेझिस्टर जुना. जुन्या तीन वस्तू शेजारी ठेवल्या म्हणजे शोध होतो का? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात आजीच्या ट्रंकेत असतं. गोधडीतली प्रत्येक चिंधी जुनी असते. एक लुगड्याची, एक धोतराची, एक कुणाच्या तरी झबल्याची. म्हणून काय गोधडी कुणी शिवलीच नाही? ऊब टाक्यात असते, आणि टाका शिवणाऱ्याचा असतो.

खटला चालू व्हायला बारा वर्षं लागली. त्या काळी अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून सतरा वर्षं टिकत असे. १९६७ चं पेटंट १९८४ मध्ये संपलं. म्हणजे न्यायाधीशांसमोर उभं राहण्याच्या आतच त्यांचा हक्क कालबाह्य झाला होता. आता त्यांनी खटला जिंकला तरी कंपन्यांना वायपर बनवण्यापासून अडवता येणार नव्हतं, आणि कारखान्याचं स्वप्न तर केव्हाच मावळलं होतं. उरली होती फक्त भरपाई आणि हे माझं आहे असं कुणीतरी अधिकारानं म्हणणं. घर कागदपत्रांच्या खोक्यांनी भरलं. मुलं मोठी झाली ती वडिलांची कागदपत्रं लावत, टाइप करत. पत्नीनं सोसलं तेवढं सोसलं. १९८९ मध्ये घटस्फोट झाला. एक वकील गेला, दुसरा आला, तोही गेला. प्रत्येकजण त्यांना तडजोड करायला सांगे, आणि कर्न्स ऐकत नसत. फोर्डनं तीन कोटी डॉलर देऊ केले होते, तेही त्यांनी नाकारले, अशी नोंद आहे.

शेवटी १९९० मध्ये ज्यूरीनं निकाल दिला. पेटंट खरी आहेत आणि फोर्डनं त्यांचा भंग केला आहे, मात्र जाणूनबुजून नाही. भरपाईचा प्रश्न मिटला एक कोटी दोन लाख डॉलरवर. त्या वेळच्या आपल्या भावानं सतरा-अठरा कोटी रुपये. क्रायस्लरच्या खटल्यात तर कर्न्स स्वतःच वकील म्हणून उभे राहिले. साठी ओलांडलेला इंजिनिअर एकीकडं आणि कंपनीची वकिलांची फळी दुसरीकडं. १९९२ मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला. १ कोटी ८७ लाख डॉलर आणि वर व्याज, असं मिळून सुमारे तीन कोटी. कंपनी वरच्या कोर्टात गेली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचं अपील ऐकायला नकार दिला.

पण इतर कंपन्यांवरचे दावे मात्र फेटाळले गेले. कारण काय, तर एकट्यानं लढताना त्यांना कागदपत्रं मुदतीत दाखल करता आली नाहीत. दोन फेऱ्यांमधली वेळ ज्यानं जगाला मोजून दिली, त्याला कोर्टाची तारीख पाळता आली नाही. मिळालेल्या पैशातला मोठा वाटा खटल्यांच्या खर्चात गेला.

माझ्यातला बँक अधिकारी हा हिशेब मांडतो तेव्हा तो जुळत नाही. देऊ केलेल्या तीन कोटींच्या जागी एक कोटी दोन लाख घेणारा माणूस. एकुणात अठरा-वीस वर्षं, संसार, नोकरी, मनःस्वास्थ्य नावे, आणि जमेला ज्यूरीचं एक वाक्य. असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी शेरा मारला असता, की अर्जदारानं एकरकमी तडजोड स्वीकारावी. असे शेरे मी आयुष्यभर मारले. बहुतेक वेळा ते बरोबरही होते. कर्जदाराचं घर वाचायचं, बँकेचे पैसे सुटायचे.

कर्न्स यांच्या घरच्यांचं काय, हा प्रश्नही मला सोडत नाही. शोध वडिलांचा होता, पण किंमत सगळ्यांनी दिली. त्या सहा मुलांचं बालपण कुठल्या ज्यूरीनं भरून द्यायचं? त्यांना थोर म्हणायला मी चटकन धजत नाही, तो यासाठी. हट्टी माणसाच्या घरात राहणं काय असतं, ते आमच्या काकूंनी मला न बोलता दाखवलं आहे.

आपल्याकडं शंकर आबाजी भिसे होऊन गेले. मुंबईत जन्मलेला हा मराठी माणूस छपाईचे खिळे पाडण्याचं यंत्र घेऊन आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेला गेला आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारला. त्यांच्या शोधांची यादी मोठी, पण नाव आज शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहे? वस्तू राहते, वापरली जाते आणि करणाऱ्याचं नाव तिच्यावरून पुसलं जातं. बहुतेक जण ते सोसतात. मेरी अँडरसन यांनी सोसलं. एखादा मात्र सोसत नाही, आणि त्याच्या न सोसण्यामुळं मागून येणाऱ्या दहा जणांना मोठ्या दारात उभं राहायचं धाडस होतं. कर्न्स यांच्या खटल्यावर अमेरिकेत लेख आले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, २००८ मध्ये एक चित्रपटही आला. डोळा गमावलेल्या त्या माणसाचं नाव आता वायपरशी कायमचं जोडलं गेलं आहे. त्यांना हेच तर हवं होतं.

वायपर पुढं आणखी शहाणा झाला. आता महागड्या गाड्यांत काचेच्या आतल्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काचेत सोडतो. काच कोरडी असली, तर तो प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो. थेंब पडले, की त्यातला काही बाहेर निसटतो. परत आलेला प्रकाश जितका कमी, तितका पाऊस जास्त, असा हिशेब करून गाडी स्वतःच उसंत ठरवते. आता दांडीला हातही लावायला नको. पण मुळातली कल्पना तीच, पापणीची.

तात्यांचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला तेव्हा ते पंच्याहत्तरीला आले होते. दोन हात रुंदीचा पट्टा परत मिळाला. त्या दिवशी त्यांनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि शेतावर नेलं. काही बोलले नाहीत. नव्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग खिशातून एक जुना, घडी पडून फाटत आलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझाच हिशेब होता. त्यात चूक एकही नव्हती. फक्त एक रकाना मी मांडलाच नव्हता, आणि तो कसा मांडायचा हे मला आजही माहीत नाही.

कर्न्स ९ फेब्रुवारी २००५ ला मेरीलँडमध्ये गेले. वय सत्त्याहत्तर. मेंदूचा कर्करोग होता. अखेरच्या वर्षांत त्यांच्याकडं दोन जुन्या गाड्या होत्या. एक १९७८ चा फोर्डचा पिकअप, दुसरी १९६५ ची क्रायस्लर. ज्या दोन कंपन्यांशी ते जन्मभर भांडले, त्यांच्याच. आणि दोन्हींपैकी एकाही गाडीला उसंत घेणारे वायपर नव्हते.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. घटिकापात्र त्याला लगेच समजलं. वाटीला खिळ्यानं भोक पाडून त्यानं बादलीत ते करूनही पाहिलं आणि आईचं बोलणं खाल्लं. शेवटच्या दोन गाड्यांचं मात्र त्याला कोडं पडलं. एवढा पैसा मिळाला, तर आजोबा, त्यांनी नवी गाडी का नाही घेतली? मी म्हणालो, पुढच्या भुरभुर पावसात आपण दोघं मिळून विचार करू. तेव्हापासून आम्ही दोघंही आभाळाकडं बघतो आहोत.